सहा मिलिमीटर जास्तीचं झाड

३ जुलै

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही बरं, बरं म्हणता आणि ठेवून देता. चाळीस वर्षं फाउंड्रीच्या खडखडाटात काढलेल्या कानांना मी दोष देत नाही, पण मी काय सांगितलं आणि तुम्हाला काय कळलं याचा पत्ता लागत नाही. म्हणून हे पत्र. सावकाश वाचा, आत्यालाही वाचून दाखवा.

दत्तकाची माझी फाइल मंजूर झाली. मुलगी सहा वर्षांची आहे. संस्थेत दर शनिवारी मुलींचे खण उपसून साफ करतात, त्यामुळे तिचा खणांवर विश्वास नाही. तिचा सगळा संसार फ्रॉकच्या दोन खिशांत असतो: एक किल्ली (कुठलंही कुलूप नसलेली), एक पितळी बटण, बसचं एक तिकीट आणि दोऱ्याचं रिकामं रीळ. फ्रॉक धुवायला टाकला की ती वस्तू मुठीत धरून दोरीखाली उभी राहते, वाळेपर्यंत. मी तिला खिसेवाली म्हणते. तिची हरकत दिसली नाही.

तुमच्याकडे दोन कामं आहेत. पहिलं सोपं. तिची खाट जिथे ठेवणार आहे तिथे भिंतीत दोन फळ्या आहेत. मधली जागा बरोबर पंचेचाळीस सेंटिमीटर. तिथे उभं राहील असं एक लाकडी झाड करून द्याल का? फांद्यांना खुंट्या हव्यात, म्हणजे तिला तिच्या वस्तू टांगता येतील आणि पडल्या पडल्या दिसतील. बाजारात तयार मिळतात, पण हात लावला की डुलतात. शिवाय ती घरात येईल त्या दिवशी तिला आजोबांनी हातानं केलेलं काहीतरी मिळावं असं मला वाटतं.

दुसरं काम सोबतच्या कागदाचं. मी एकटी आहे, म्हणून माझं काही बरंवाईट झालं तर मुलीला सांभाळीन असं जवळच्या नातेवाइकानं लिहून द्यावं लागतं. माणूस पंचाहत्तरीच्या आतलं हवं, म्हणजे आत्या बाद. मावसभाऊ बायकोला विचारून सांगतो म्हणाला होता. ते सांगून झालं, नाही म्हणून. उरलात तुम्ही. कागद पंधरा सप्टेंबरच्या आत पोहोचला नाही तर फाइल मागे पडते आणि मुलगी पुढच्या जोडप्याला दाखवतात.

लोभ आहेच. त्यातला थोडा या कागदाकडेही वळवावा.

तुमची
टिंगू


११ जुलै

चि. टिंगू हिस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. माप कळलं. पंचेचाळीसच्या जागेत पंचेचाळीसची वस्तू जात नाही, वर तीन मिलिमीटर मोकळे ठेवावे लागतात. तेव्हा झाड चव्वेचाळीस पूर्णांक सात करतो.

खोडासाठी जुन्या रेडिओची पेटी फोडली. रेडिओ सोळा वर्षं बंद होता, पण तो फोडल्याबरोबर आमच्या ताईला त्यावर कार्यक्रम ऐकायचे होते. पेटी अक्रोडाची आहे. पातळ फळ्या एकावर एक चिकटवून जाड ठोकळा केला आणि त्यातून खोड काढलं, खाली रुंद, वर निमुळतं. फांद्या बीच लाकडाच्या. एकूण अकरा. समोरासमोर लावल्या तर झाड कपडे अडकवायच्या स्टँडसारखं दिसतं, म्हणून प्रत्येक फांदी आधीच्या फांदीपासून थोडी वळवून घेतली आहे. कुठल्याही बाजूनं पाहिलं तरी सगळ्या खुंट्या दिसतात. बुडाखाली लोखंडी चकती बसवतो. डुलणार नाही.

रंग देणार नाही. सहा वर्षांचं मूल वस्तू चाटणार नाही असं ताई म्हणते, पण तू आठव्या वर्षापर्यंत चाटत होतीस. जवसाचं तेल लावतो.

कागद मिळाला. टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे.

इकडे सर्व ठीक. गुडघा आहे तसाच आहे. तिकडे जेवणाची हेळसांड करू नये. लोभ नेहमीचाच, त्यात घट नाही.

तुझे
बाबा


१९ जुलै

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

झाडावर दोन पानं आणि कागदावर दोन वाक्यं. काचेखाली ठेवलेला कागद आपोआप सही होऊन निघत नाही, एवढं माझ्या एक्स-रेच्या शिक्षणात बसतं.

खिसेवालीला आता दर शनिवारी माझ्याकडे आणायची परवानगी मिळाली आहे. खण उपसण्याचा दिवस, त्यामुळे ती खूश असते. पहिल्या शनिवारी ती घरभर फिरली आणि प्रत्येक दाराला आपली किल्ली लावून पाहिली. एकालाही लागली नाही. तिला त्याचं काही वाटलं नाही. मलाच वाईट वाटलं. मग तिनं विचारलं की हे घर कुणी उपसतं का. मी सांगितलं, वर्षातून एकदा मीच, तेही अर्धवट.

बाबा, मी या मुलीत पुरती अडकले आहे. ती दुसऱ्या कुणाच्या घरी गेली तर मी काय करीन मला माहीत नाही. एरवी मी तुमच्यामागे असा धोशा लावला नसता. हो की नाही तेवढं कळवा.

आत्याला सा. न. माया आहे हे ठाऊक आहे, ती अक्षरी कळावी.

तुमची
टिंगू


२८ जुलै

चि. टिंगू हिस अनेक आशीर्वाद.

झाड पूर्ण झालं. आज पार्सलनं पाठवलं. खोक्यात भुसा भरला आहे, तो घरात उधळू नकोस.

तू हो की नाही विचारलंस. नाही.

कारण सांगतो, म्हणजे मनात आढी राहणार नाही. फाउंड्रीत ओतकामाच्या प्रत्येक लाकडी पॅटर्नवर करणाऱ्याचा शिक्का असायचा. माझा नंबर सतरा. तपासल्याशिवाय सतरा नंबर मी एकदाही मारला नाही. साहेब डोक्यावर उभे राहिले तरी मारला नाही. चार वर्षांपूर्वी मात्र मारला. तुझी आई ऑपरेशनला जाताना तिला मी सांगितलं होतं की आठ दिवसांत तू घरी येशील, मी शब्द देतो. डॉक्टरांनी असं काही म्हटलं नव्हतं. मी आपलं ठोकून दिलं. पुढचं तुला माहीत आहे.

आता मी एकोणसत्तर वर्षांचा आहे. मुलगी अठरा वर्षांची होईल तेव्हा मी एक्याऐंशीचा असेन, म्हणजे असलो तर. हमी देतो असं त्या कागदावर छापलं आहे. मला भीती वाटते. पुन्हा एकदा कुणाला खोटा शब्द द्यायची माझी छाती होत नाही. माझ्याऐवजी मावसभावाची बायको राजी होते का पाहावं.

झाडाला महिन्यानं तेलाचा एक हात द्यावा. रागावलीस तरी लोभ ठेव.

तुझे
बाबा


३० जुलै

चि. टिंगू हिला आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या बापानं तुला काय लिहिलं ते मला दाखवलं नाही, पण पाकीट टाकून आला आणि न जेवता पडून राहिला, त्यावरून समजायचं ते समजले. इथलं तुला कळावं म्हणून लिहिते. त्याला सांगू नकोस, नाहीतर पोस्टाची तिकिटं कुलपात ठेवील.

तो कागद काचेखाली आहे खरा, पण रोज सकाळी काच उचलून बाहेर काढतो, वाचतो आणि परत ठेवतो. काचेवर बोटांचे ठसे उठलेत. झाडाच्या खुंट्या त्यानं तीनदा बदलल्या. आधी टोकदार होत्या, मुलीच्या डोळ्याला लागतील म्हणून गोल केल्या. मग बटणाचं भोक केवढं असतं म्हणून माझी शिवणाची पेटी उपसली आणि सगळी बटणं एकेक करून खुंट्यांवर चढवून पाहिली. ज्याला नात नको त्याची ही लक्षणं नव्हेत. दगड आहे, पण आतून ओला.

माझं ऐकशील तर त्याला विनवण्या करू नकोस. लहानपणापासून त्याला विनवलं की तो खांबासारखा उभा राहतो. त्याची चूक काढ. चूक काढली की चवताळून हलतो.

रेडिओ फोडला हे मी विसरलेले नाही. माया असू दे.

तुझी
आत्या


७ ऑगस्ट

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. त्याचं उत्तर आत्ता देत नाही, कारण आत्ता दिलं तर ते पोस्टात जळेल.

झाडही मिळालं. बाबा, फार सुंदर आहे. पार्सल शनिवारीच आलं, त्यामुळे खिसेवालीनंच खोकं उघडलं आणि भुसा तिनंच उधळला. तिनं झाडाभोवती दोन फेऱ्या मारल्या. मग किल्ली टांगली, मग बटण, मग रीळ. तिकीट टांगता येईना, तर त्याला भोक पाडू का असं तिनं मला न विचारता तिकिटालाच विचारलं आणि बहुधा नकार आला. ते खिशात गेलं.

आता वाईट बातमी. झाड फळीत जात नाही. सरळ जात नाही, तिरकं जात नाही. सहा मिलिमीटर जास्त उंच आहे. सध्या जमिनीवर ठेवलं आहे. घरमालकांच्या ओळखीचा सुतार आला होता. तो म्हणाला, बुडातून सहा मिलिमीटर कापून देतो, पाच मिनिटांचं काम. खिसेवालीनं ते ऐकलं आणि झाडाला कवटाळून बसली. झाड का कापायचं, फळी वर घ्या, असं तिनं सुताराला बजावलं. सुतारानं करवत पिशवीत घातली.

लोभ आहे. आज मोजून दिला आहे.

तुमची
टिंगू


१२ ऑगस्ट

चि. टिंगू हिस आशीर्वाद.

झाड बरोबर आहे. तुझी फळी चुकली आहे.

चव्वेचाळीस पूर्णांक सात मी चार ठिकाणी मोजलं, तेल लावण्याआधी आणि लावल्यानंतर. तू माप कशानं घेतलंस? शाळेच्या कंपासपेटीतल्या प्लॅस्टिकच्या पट्टीनं घेतलं असणार. तसली पट्टी उन्हात ठेवली की वाकते, आणि तुला मोजायची सवय हाडांची, त्यातही फोटोतल्या. सुताराकडे स्टीलचा टेप असेल तर त्यानं दोन्ही टोकांना मोजायला सांग. घरमालकांनी फळ्या उतरत्या बसवल्या असतील तर मी काय करणार?

चाळीस वर्षांच्या नोकरीत माझ्या मापाला एकदाही लाल शेरा मिळालेला नाही. झाडाला कुणी करवत लावायची नाही. मुलीचं म्हणणं बरोबर आहे.

बाकी ठीक. लोभ असल्यास कळवावे.

तुझे
बाबा


१७ ऑगस्ट

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

सुतारानं स्टीलच्या टेपनं मोजलं. फळ्यांमधली जागा पंचेचाळीस, डावीकडे, उजवीकडे आणि मध्ये. झाड पंचेचाळीस पूर्णांक सहा. त्याचा टेप तुम्हाला पटत नसेल म्हणून मी वॉर्डातला आणला, कोपऱ्यावरच्या शिंपीकाकांचा आणला आणि शेजारच्या शाळेतला आणला. चारी टेप एका बाजूला आणि तुम्ही दुसऱ्या. तुमची पट्टी एकदा दुसऱ्या कशाला तरी लावून पाहा.

सुतारानं वरची फळी काढून बोटभर वर ठोकली. झाड आता तिथे आहे आणि डुलत नाही.

आता तुमच्या त्या पत्राचं उत्तर. आई घरी आली नाही हे खरं. पण ऑपरेशनच्या आधीच्या रात्री तिच्याजवळ मी होते, तुम्ही नव्हता. तिला झोप येत नव्हती. मग ती म्हणाली की ह्यांनी शब्द दिलाय, आणि कूस वळवून झोपली. सकाळी न्यायला आले तेव्हा तिला हलवून उठवावं लागलं. तुम्ही तो शब्द दिला नसता तर ती रात्र तिनं जागून काढली असती. तुम्ही चार वर्षं ज्याला खोटा शब्द म्हणता तो मी स्वतःच्या डोळ्यांनी उपयोगी पडलेला पाहिला आहे. मी हे आधीच सांगायला हवं होतं. तुमच्यासमोर आईचं नाव काढायची मला हिंमत झाली नाही.

आणखी एक. काल संध्याकाळी खिसेवालीला परत सोडायला निघाले, तेव्हा तिनं बटण आणि रीळ खिशात घातलं. किल्लीला हात लावला आणि विचारलं की खुंटी तुटली तर कोण बसवणार. मी म्हटलं, आजोबा. तिनं विचारलं, ते नसले तर? बाबा, संस्थेच्या छापील कागदावर हेच विचारलं आहे, फक्त तिथे ते सव्वा पान आहे. मी म्हटलं, तोवर मी त्यांच्याकडून शिकून घेईन. तिनं थोडा विचार केला आणि किल्ली झाडावर ठेवून माझा हात धरून बाहेर पडली. दुसऱ्याच्या घरात वस्तू मागे ठेवून ती आजवर कधी गेलेली नाही, असं संस्थेच्या बाई म्हणाल्या.

मी आता पुन्हा विचारणार नाही. माया जशी आहे तशी राहू द्यावी.

तुमची
टिंगू


२३ ऑगस्ट

चि. टिंगू हिस अनेक आशीर्वाद.

तुझी फळी बरोबर आहे. सुताराची माफी माग, माझ्या वतीनं.

घडलं ते असं. ओतलेलं पोलाद थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न मुळातच थोडा मोठा करावा लागतो. प्रत्येक वेळी हिशेब करत बसायला नको म्हणून पॅटर्नवाल्यांची एक खास पट्टी असते. तिच्यावरचा प्रत्येक सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा दोन टक्के मोठा. नुसतं पाहून कळत नाही, मागे एका कोपऱ्यात बारीक अक्षरात पोलाद लिहिलेलं असतं. निवृत्त होताना साधी पट्टी कंपनीची म्हणून मी स्टोअरमध्ये जमा केली आणि पावती घेतली. ही दुसरी भंगारात काढलेली होती, म्हणून घरी आणली. मागे मी पॉलिशचा हात दिला होता. अक्षरं त्याखाली गेली.

ताईनं आपला शिवणाचा टेप शेजारी ठेवला आणि खिडकीकडे बोट केलं. मी मोजून दिलेले खिडकीचे पडदे नेहमी तीन सेंटिमीटर आखूड होतात. अकरा वर्षं मी तिला सांगत आलो की कापड आटतं.

हे इथवर असतं तर हसून सोडलं असतं. पण तू लहान असताना तुझी उंची मोजायला स्वयंपाकघराच्या चौकटीवर मी खुणा केल्या होत्या. चांगली पट्टी कारखान्याबाहेर न्यायची नाही असा नियम होता, तेव्हा घरी आणलेली तीही अशीच, पोलादाचीच. काल ताईचा टेप घेऊन चौकटीपाशी गेलो. तुझी शेवटची खूण एकशे सत्तावन्नची आहे. टेप एकशे साठ दाखवतो. कॉलेजच्या व्हॉलीबॉलला एकशे अठ्ठावन्नची अट होती आणि तू नाव द्यायलाही गेली नाहीस. उगाच हसू करून घेऊ नकोस असं मीच तुला सांगितलं होतं. टिंगू हे नावही मीच ठेवलं.

तुला मी जन्मभर तीन सेंटिमीटर कमी धरलं. त्याचं फार वाईट वाटतं. हे लिहितानाही वाटतं आहे.

तुझ्या आईविषयी लिहिलंस ते चार वेळा वाचलं. ते पत्र कागदाशेजारी काचेखाली ठेवलं आहे.

दवाखान्यात उंचीचा काटा असेल. त्याच्यावर उभी राहा आणि कळव. माझ्याकडून चूक झाली तरी लोभ आखडता घेऊ नये.

तुझे
बाबा


२९ ऑगस्ट

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

एकशे साठ. बाह्यरुग्ण विभागातल्या नर्सनं दोनदा मोजलं. दिवसभर दाराखालून जाताना उगाच मान खाली घालत होते. बाकी काही म्हणणं नाही.

टिंगू (हे नाव आता बदलायला मी तयार नाही)


४ सप्टेंबर

मा. अधिकारी बाई,
स. न. वि. वि.

माझ्या मुलीच्या दत्तकाच्या फाइलमध्ये जोडायचं हमीपत्र सही करून आणलं आहे. त्यासोबत हे पत्र देत आहे, कारण छापील कागदावर लिहायला जागा अपुरी आहे. टपालानं न पाठवता स्वतः येण्याचं कारण एवढंच, की कागद हरवला असं कुणी नंतर म्हणू नये.

माझं वय एकोणसत्तर. डावा गुडघा दुखतो. कानांनी कमी ऐकू येतं. उजव्या अंगठ्याचं टोक करवतीत गेलं आहे, ते डॉक्टरांच्या दाखल्यात राहून गेलं होतं, मी खाली लिहून घेतलं. घरात माझी थोरली बहीण असते, वय सत्याहत्तर. तिची सही तुम्हाला चालत नाही हे तिला मान्य नाही.

मी आयुष्यभर पॅटर्न केले. आधी मोजायचं, तपासायचं, मगच शिक्का मारायचा, हा माझा शिरस्ता. ज्या मापावर माझा एवढा भरवसा होता ते माप माझ्या घरात पस्तीस वर्षं चुकत होतं, असं गेल्या महिन्यात उघडकीला आलं. त्याच मापात माझी मुलगी वाढली. ती चांगली निघाली, आणि मी समजत होतो त्याहून उंच निघाली. तिच्या वेळी माझ्याकडून कुणी हमीपत्र घेतलं नव्हतं. घेतलं असतं तर तेव्हाही मी नाही म्हटलं असतं आणि ती इथे नसती.

तुमच्या कागदावर हमी देतो असे शब्द आहेत. मी किती वर्षं असेन हे मला तपासता येत नाही. आहे तोवर मुलीला काही कमी पडू देणार नाही. माझ्यामागे काय, हे मुलीनं माझ्या मुलीला आधीच विचारलं आहे आणि तिला मिळालेलं उत्तर तिनं मान्य केलं आहे. ती सहा वर्षांची असून तिला ते पटलं, तेव्हा मीही सही केली आहे. खाडाखोड नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे कागद परत यायला नको. मुलीशी नातं असा एक रकाना आहे. दत्तकविधी पूर्ण होईपर्यंत तिथे नियोजित आजोबा असं लिहावं, अशी सूचना मागच्या पानावर छापली आहे. सूचना मी वाचली. रकान्यात फक्त आजोबा लिहिलं आहे.

तुमची माझी ओळख नसताना लोभ मागणं बरं दिसत नाही, पण पुढे येणंजाणं होणार आहे, तेव्हा असू द्यावा.

आपला
मुलीचा आजोबा